दहाच्या आत

गोव्यातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या उत्सवाला जायचं ठरलं की मंडळी आधी कोणकोण डीजे येणार ते बघतात. माझं म्हणणं, आधी घड्याळ बघा. उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, हा नियम देशभराचा आहे आणि रात्री जागवण्यासाठी जगभर नाव कमावलेला हणजूण-वागातोरचा किनाराही त्यातून सुटलेला नाही. ज्या नाचाची गंमत मध्यरात्रीनंतर सुरू व्हायची, तो आता भर दुपारी उन्हात सुरू होतो आणि दहाला बंद. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की मुक्काम कुठे करायचा, गाडी घ्यायची की नाही, जेवायचं कधी, हे सगळं सुटत जातं. नाही बसलं, तर तिकिटावर हजारो रुपये घालूनही माणूस रात्री अकरा वाजता म्हापशाच्या रस्त्यावर अडकून पडतो.

पुण्यामुंबईच्या वाचकाला हा नियम गणपतीमुळे पाठ असतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली त्यांवर शिक्कामोर्तब केलं. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंतच, सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. पण त्या सुटीच्या भरवशावर प्रवासाचा बेत आखू नये. मिळालीच तर दोन तास जास्तीचे, एवढंच समजावं.

माझ्या भाचीला वागातोरच्या उत्सवाला जायचं होतं, आणि तिच्या आईची अट एकच होती: मामा बरोबर हवा. मला ट्रान्स कुठला, टेक्नो कुठला यातलं काही कळत नव्हतं. भाचीने गाडीत बसल्या बसल्या शिकवणी घेतली. हाउस म्हणजे मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोके, टेक्नो त्याहून चपळ, आणि सायट्रान्स १४० च्या वर. “मामा, तू नुसते ठोके मोज, बाकीचं आपोआप कळेल,” ती म्हणाली. हा सल्ला मी मनापासून पाळला, आणि तो चांगला निघाला.

पण ती जिथे निघाली होती त्या जागेचा इतिहास तिला ठाऊक नव्हता. तो सांगणं मामाच्या वाट्याला आलं. साठच्या दशकाच्या शेवटी नि सत्तरच्या दशकात युरोप-अमेरिकेतले हिप्पी हणजूणला उतरले. बुधवारचा बाजार त्यांनीच सुरू केला, जवळचं सामान विकून परतीच्या भाड्याची सोय करण्यासाठी. पौर्णिमेच्या रात्री किनाऱ्यावर गिटारी वाजायच्या. ऐंशीच्या दशकात गिटारी मागे पडल्या आणि युरोपातून आलेलं यंत्रसंगीत टेपवर वाजायला लागलं. उन्हात आणि दमटपणात तबकड्या वाकतात, शिवाय जड. म्हणून इथले डीजे आधी कॅसेट आणि नंतर डिजिटल टेप वापरत. त्यातून जे घडलं त्याला जग गोवा ट्रान्स म्हणायला लागलं. गोवा गिल या नावाने ओळखला जाणारा कॅलिफोर्नियाचा गिल्बर्ट लेव्ही त्यातला सगळ्यांत ठळक माणूस. तो २०२३ साली वारला. नव्वदच्या दशकात हे संगीत इस्रायल, जर्मनी, इंग्लंडला गेलं आणि तिथल्या कंपन्यांनी त्याच्या तबकड्या काढल्या.

त्या पार्ट्यांना तिकीट नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. नाचणाऱ्यांच्या कडेने गावातल्या बायका चटया अंथरायच्या, रॉकेलचा दिवा आणि स्टोव्ह मांडायच्या, चहा, आमलेट, केळी विकायच्या. परदेशी पोरं त्यांना ‘चाय मामा’ म्हणत. रात्रभराची कमाई त्यांच्या घरात जायची. अरुण सालढाणा या अभ्यासकाने हणजूणवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. गोरे, देशी पर्यटक आणि गावकरी एकाच वाळूवर कसे वेगवेगळे बसत, नाचत, कमावत, हे त्यात बारकाईने टिपलेलं आहे. आता कुंपण आलं, मनगटपट्टी आली, आणि चहा कुंपणाच्या आतल्या गाळ्यावरून घ्यावा लागतो. पूर्वी सगळं छान होतं असं मला म्हणायचं नाही. पोलिसांचे हप्ते होते, अंमली पदार्थ होते, आणि देशी पोरांना ‘इथे तुमचं काय काम’ अशा नजरेने बघितलं जाई. पण पैशाची वाट बदलली, हे खरं.

मोठा तिकीटवाला उत्सव आला तो २००७ च्या डिसेंबरात. कांदोळीच्या वाळूवर सनबर्न भरला. २००० साली वादळी पावसात तिथे रुतलेलं ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे गंजलेलं जहाज तेव्हा समोर समुद्रात उभंच होतं. २०१३ पासून उत्सव वागातोरला गेला, २०१६ ते २०१८ पुण्याच्या आसपास भरला, मग परत वागातोर. २०२४ ला दक्षिण गोव्यात नेण्याची घोषणा झाली, तिथे लोकांनी विरोध केला, आणि शेवटी तो पेडणे तालुक्यात धारगळला झाला. धारगळ महामार्गाला लागून आहे. समुद्र तिथून दिसत नाही. २०२५ ला तर उत्सव गोवा सोडून मुंबईत शिवडीला भरला. शिवडीला समुद्र आहे, पण त्याच्या काठी चिखल आणि रोहित पक्षी आहेत; वाळू शोधू नका.

ही यादी वाचून दाखवायचं कारण आहे. समुद्रकाठचा उत्सव या शब्दांवर विसंबून कोणी हॉटेल ठरवू नये. मैदान, पंचायतीचा ना-हरकत ठराव, प्रदूषण मंडळाची आणि किनारपट्टी नियमनाची परवानगी, कधी उच्च न्यायालयातली याचिका, एवढ्या चाळणीतून जागा पक्की होते, आणि ती बहुतेक वेळा उशिरा होते. रेल्वेचं आरक्षण मात्र २०२४ च्या नोव्हेंबरपासून ६० दिवस आधी उघडतं, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याची कोकण रेल्वेची तिकिटं मिनिटांत संपतात. म्हणजे जागा कळायच्या आत गाडीचं तिकीट काढावं लागतं. यावर माझा तोडगा साधा आहे: जिथे उतरलं तर कुठेही जाता येईल असं स्टेशन धरायचं, आणि रद्द केली तर पैसे परत मिळतील अशीच खोली घ्यायची.

ते स्टेशन थिवी. गोवा म्हटलं की लोक डोळे मिटून मडगावचं तिकीट काढतात आणि तिथून दीड-दोन तास परत उत्तरेकडे येतात. उत्तर गोव्यासाठी थिवीला उतरावं. म्हापसा तिथून जवळ, वागातोर वीसेक किलोमीटर, धारगळही आवाक्यात. मुंबईहून रात्रीची कोकणकन्या सकाळी पोचवते. दिवसाची मांडवी खाण्यापिण्यासाठी नावाजलेली आहे, पण ती संध्याकाळी उतरवते. वंदे भारत थिवीला थांबते. पुणेकरांची मात्र पंचाईत आहे. पुण्याहून मिरज-लोंढ्यामार्गे जाणारी गोवा एक्सप्रेस दूधसागर दाखवते खरी, पण ती मडगावला नेते. आम्ही म्हणून रस्त्याने गेलो: कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोलीचा घाट, सावंतवाडी, बांदा. विमानाने येणाऱ्यांनी मोपा आणि दाबोळी यांत गल्लत करू नये. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू आहे आणि तो पेडणे तालुक्यातच आहे. दाबोळी दक्षिणेला, म्हणजे मांडवी-जुवारी दोन्ही नद्यांपलीकडे. तिकीट दीड हजाराने स्वस्त दिसलं म्हणून दाबोळीला उतरणारा तो दीड हजार टॅक्सीत घालवतो.

टॅक्सीचं गोव्यातलं गणित वेगळं. मुंबईपुण्याच्या सवयीची ॲपं इथे चालत नाहीत. स्थानिक टॅक्सीवाल्यांनी त्यांना शिरू दिलेलं नाही. २०१८ पासून गोवा माइल्स नावाचं ॲप आहे, पण उत्सवाच्या रात्री त्यावर गाडी लागेल अशी आशा धरू नये. पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवाले, ज्यांना गोव्यात पायलट म्हणतात, ते एकट्यादुकट्याला फार उपयोगी. भाड्याची स्कूटर घेणार असाल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असली पाहिजेत. पांढऱ्या पाटीची, म्हणजे कुणाच्या घरची गाडी स्वस्तात मिळते, आणि पोलिसांनी अडवली की तो स्वस्तपणा तिथेच संपतो.

आता मुक्काम. सारा बेत इथेच जमतो किंवा फसतो.

जुन्या पार्टीतून माणसं पांगायची ती हळूहळू: कोणी दोनला, कोणी चारला, कोणी उजाडल्यावर. दहाच्या नियमाने ही पांगापांग बंद पडली. शेवटचा, सगळ्यांत मोठा डीजे बरोबर दहाला हात वर करून नमस्कार करतो आणि त्याच मिनिटाला अख्खं मैदान फाटकाकडे वळतं. वागातोरहून बाहेर पडायचे रस्ते मोजके: एक आसगाववरून म्हापशाकडे, एक हणजूणकडे, एक शापोऱ्यावरून शिवोलीकडे. तिन्ही गावातले, दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या तर एकीने कुणाच्या तरी कुंपणाला घासून थांबायचं, असे. त्यात डिसेंबरअखेरची पर्यटकांची गर्दी आधीच आहे. कळंगुटला स्वस्त खोली मिळाली म्हणून खूश झालेली मंडळी इथेच सापडतात. नकाशावर अंतर दहा-बारा किलोमीटर दिसतं, पण दहा वाजून दहा मिनिटांनी त्याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून आम्ही खोली आसगावात घेतली, चालत पाऊण तासावर. महाग होती, साधी होती, पंखा आवाज करायचा. पण गाड्यांच्या रांगेच्या कडेने विजेऱ्या लावून चालत येताना, काचा खाली करून बसलेले लोक आमच्याकडे ज्या हेव्याने बघत होते, त्यात तिचे पैसे वसूल झाले. चालणं शक्य नसेल तर दोन मार्ग उरतात. एक, साडेनऊला निघायचं. हे मी सुचवलं तेव्हा भाचीने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा ते तोंडातून काढलं नाही. दुसरा, दहानंतर मुद्दाम तासभर रेंगाळायचं. फाटकाबाहेर गाड्यांवर रोस-आमलेट मिळतं, म्हणजे आमलेटवर चिकनचा रस्सा, वर चिरलेला कांदा, लिंबू आणि पाव. ते सावकाश खावं. घाईने रांगेत घुसलेला आणि रेंगाळून निघालेला, दोघे घरी जवळजवळ एकाच वेळेला पोचतात.

दहाच्या नियमाने एक चीज मात्र दिली, आणि ती भाचीच्या पिढीला बिनतक्रार मिळते. डिसेंबरअखेरीस गोव्यात सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो. वागातोरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, उत्तरेला शापोऱ्याच्या किल्ल्याची टेकडी. पाच ते सातच्या वेळेला जे वाजवायला बसतात ते बहुधा फलकावर सर्वांत वर छापलेले नसतात. त्यांच्याकडे आरडाओरडा नसतो, आगीचे फवारे नसतात, ठोके आवरते असतात, आणि दुपारची काहिली उतरलेली असते. मला कळलेलं जे काही थोडं संगीत, ते या दोन तासांत कळलं. कोणाचं वादन कधी आणि कुठल्या मंचावर, हे वेळापत्रक उत्सवाच्या तोंडावरच बाहेर येतं. ते हाती आलं की आधी या वेळेवर खूण करावी, मोठ्या नावांवर नंतर.

दुपारी दोन-तीनला मात्र आत शिरू नये. ऊन, धूळ, हातात रिकामी बाटली. पाण्याची सोय कुठे आहे हे शिरताच बघून ठेवावं. गोव्याच्या या उत्सवांत तरुण पोरांचे मृत्यू झालेले आहेत. सोबतच्या कुणी घाम यायचा थांबून बडबड सुरू केली, अंग तापलं, तर त्याला ‘चढली असेल’ म्हणून सोडून देऊ नका. सावलीत न्या, वैद्यकीय तंबू गाठा, आणि त्याने काय घेतलं असेल ते डॉक्टरला सरळ सांगा. अंमली पदार्थांविषयी उपदेश करत नाही, फक्त कायदा सांगतो: एमडीएमएची १० ग्रॅम ही व्यापारी मात्रा धरली जाते आणि त्याला किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर शुद्ध पदार्थाचं नाही, भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं वजन धरतात. गोव्यात दारू पिण्याचं वय २१ आहे, किनाऱ्यावर उघड्यावर पिणं बंद आहे, आणि परतताना परवान्याशिवाय बाटल्या आणल्या तर बांद्याच्या नाक्यावर गाडी उघडून बघतात. आणि डिसेंबरात कोणी ताजा हुर्राक (काजूची दारू) म्हणून काही विकत असेल तर घेऊ नका. काजूचा हंगाम मार्चच्या सुमारास सुरू होतो.

कानांचं मात्र कोणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असं आरोग्याचे जाणकार मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या जागांसाठी जी मर्यादा सुचवली तीही सरासरी १०० डेसिबलची, आणि सोबत शांत कोपऱ्याची सोय असावी असं म्हटलं. मंचाच्या अगदी पुढे, स्पीकरच्या भिंतीजवळ उभं राहणाऱ्याचे कान त्याहून जास्त सोसतात. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे खिशात ठेवावेत. भाची आधी हसली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणींसाठी माझ्याकडूनच मागून घेऊन गेली. उभं राहायला उत्तम जागा म्हणजे मैदानाच्या मधोमध ध्वनियंत्रणेच्या माचाजवळ. आवाज जमवणारा माणूस तिथेच बसलेला असतो. त्याच्या कानाला जे नीट ऐकू येतं तेच तुम्हालाही येईल.

मैदानाबाहेर हेच संगीत कसं पोचतं, ते आम्हाला खोलीच्या मालकीणबाईंनी सांगितलं. “आमकां फकत धप-धप आयकूंक येता,” त्या म्हणाल्या. हे अगदी शास्त्राला धरून आहे. वरचे स्वर हवेत विरतात, माड आणि भिंती त्यांना अडवतात. पण ५० हर्ट्झच्या ठोक्याच्या लाटेची लांबी सुमारे सात मीटर, ती घरांना वळसा घालून, दारं-खिडक्या थरथरवत लांबवर जाते. तिकीटवाल्याला सूर मिळतो आणि गावाला नुसता ठोका. कायद्याप्रमाणे कार्यक्रमाच्या हद्दीवर आवाज ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. तो जातो की नाही, यावर गावात दर डिसेंबरला भांडण असतं, आणि उच्च न्यायालयातही ते अनेकदा पोचलेलं आहे. मालकीणबाईंचा राग उत्सवाच्या तीन दिवसांवर नव्हताच. वर्षभर दहानंतरही उघड्यावर वाजवणाऱ्या क्लबांवर होता. “तीन दिवस सोसतात हो,” त्या मराठीत म्हणाल्या, “पण तीनशे दिवस?” त्या हे बोलत असताना भाची मान खाली घालून चहा पीत होती. दहाचा नियम कुणासाठी आहे हे तिला मला वेगळं समजावावं लागलं नाही.

बंदिस्त, ध्वनिरोधक जागेला दहाचा नियम लागू नसतो, म्हणून उत्सव संपला की त्याच्या नावाने पुढच्या पार्ट्या क्लबांत चालतात. तिथे जाणाऱ्यांनी एक करावं: आत शिरताच बाहेर पडायची दुसरी वाट बघून ठेवावी, आणि ती नसेल, किंवा खुर्च्या रचून अडवलेली असेल, तर परत फिरावं. २०२५ च्या डिसेंबरात हडफड्याच्या एका नाइटक्लबला आग लागून २५ माणसं गेली. त्यानंतर तपासण्या झाल्या, टाळी लागली. पण वाट बघून ठेवायचं काम सरकारवर सोपवू नये.

आणखी उत्तरेला मोरजी, मांद्रे इथे ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात. तो हंगाम याच थंडीच्या दिवसांत सुरू होतो, म्हणून त्या वाळूवर मोठा आवाज आणि झगझगीत दिवे दोन्ही वर्ज्य आहेत. तिथे पार्टीचं आमंत्रण आलं तर ते कुठल्या परवानगीने, हे विचारावं. आणि ज्याला एक दिवस कानांना सुट्टी द्यायची आहे त्याने तिथे सकाळी चालायला जावं.

पैशाचं थोडक्यात. तिकिटं टप्प्याटप्प्याने महाग होत जातात, पण पहिल्या टप्प्यात कलाकारही जाहीर नसतात आणि जागाही पक्की नसते. म्हणजे स्वस्त तिकीट घेणारा विश्वासावर पैसे देतो. रद्द झालं तर परतावा कसा, जागा बदलली तर परतावा मिळतो का, हे बारीक अक्षरातलं आधी वाचावं. जागा बदलणं म्हणजे रद्द होणं नव्हे, असं त्यात बहुधा असतंच. आत खर्च मनगटपट्टीत भरलेल्या पैशांतून होत असेल तर थोडे थोडे भरावेत, कारण उरलेले परत मिळवायला मुदत असते आणि लोक ती विसरतात. कुठल्याही अनोळखी माणसाकडून फोनवर तिकिटाचं चित्र घेऊन पैसे पाठवू नयेत. एका चित्रावर एकच माणूस आत जातो. ते चित्र आणखी कितीजणांना विकलंय, हे फाटकावर कळतं.

परतीचं तिकीट ३१ डिसेंबरचं मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावं. सगळा लोंढा गोव्याकडे येत असतो तेव्हा तुम्ही उलट्या दिशेने निघालेले असता. आंबोलीच्या घाटात समोरून येणाऱ्या गाड्यांची माळ आणि आपली बाजू मोकळी. भाचीला ३१ ची रात्र गोव्यातच काढायची होती. मी तिला बांद्यापर्यंत समजावत आणलं. आजऱ्याला पोचेपर्यंत तिच्या मैत्रिणींचा फोन आला होता: त्या कळंगुटला एका टॅक्सीत संध्याकाळी सातपासून बसून होत्या आणि किनारा अजून एक किलोमीटरवर होता.